ओढ गावाची की गोतावळ्याची? अलोऱ्याची साक्ष

चिपळूणहून कराडकडे निघालेला रस्ता कुंभार्ली घाट चढू लागतो, त्याच्या अलीकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी अलोरे हे गाव आहे. पोफळी, शिरगाव, कोळकेवाडी ही त्याची शेजारची गावे. कोकणातल्या कुठल्याही गावासारख्या इथे वाड्या आहेत, आंब्या-फणसाची झाडे आहेत, गणपती-शिमग्याला घरी येणारे चाकरमानी आहेत. पण या गावाला आणखी एक आयुष्य मिळाले. कोयना जलविद्युत प्रकल्पाची कामे घाटाखाली सुरू झाली आणि अलोऱ्यात सरकारी वसाहत उभी राहिली. अभियंते, कारकून, यांत्रिक, वाहनचालक, मजूर अशी ठिकठिकाणची माणसे बदलीवर किंवा कामाच्या शोधात इथे आली. त्यांचे संसार इथे झाले, मुले इथल्या शाळेत शिकली, पुढे पुण्या-मुंबईला गेली आणि त्यांतली काही समुद्रापलीकडे स्थिरावली. एकाच गावात अशी दोन तऱ्हेची बालपणे शेजारी-शेजारी वाढली: एक पिढीजात घरातले, दुसरे सरकारी क्वार्टरमधले. परदेशी राहणाऱ्या माणसाला लहानपणच्या सुट्ट्या आणि घरची माणसे इतकी का आठवतात, ही ओढ नेमकी कशाची असते आणि तिचे करायचे काय, हे समजून घ्यायला असे गाव फार उपयोगी पडते. माझे म्हणणे असे आहे की या ओढीत घराच्या भिंतींचा आणि जमिनीच्या तुकड्याचा वाटा आपण समजतो त्याहून लहान असतो. मोठा वाटा असतो ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या माणसांनी एकत्र जमून काही करण्याच्या रीतीचा. हे पटले, तर ओढीवरचा उपायही वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो.

घरच्या ओढीचा अभ्यास युरोपात रोग म्हणून सुरू झाला. १६८८ मध्ये बाझल येथे योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या अवस्थेला ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. घरापासून दूर गेलेली स्विस माणसे खंगतात, त्यांना झोप लागत नाही, अन्न जात नाही, आणि घरी पाठवले की ती बरी होतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढची दोनशे वर्षे परमुलखात लढणाऱ्या सैनिकांच्या संदर्भात या रोगाची चर्चा होत राहिली. या जुन्या समजुतीत एक गोष्ट गृहीत होती: जागा बदलल्यामुळे रोग झाला, म्हणून जागा परत मिळाली की रोग गेला. आजही परदेशस्थ नातेवाइकाला आपण सहज सांगतो, ‘एवढी आठवण येते तर महिनाभर येऊन जा ना.’ त्या सल्ल्यामागे नकळत होफरचेच निदान असते. पण महिनाभर येऊन गेलेली कित्येक माणसे परतताना अधिक अस्वस्थ असतात. गावी पोचूनही काही राहून गेल्यासारखे त्यांना वाटते. निदानात काहीतरी सुटले आहे, एवढे यावरून कळते.

काय सुटले, ते गेल्या वीसेक वर्षांतल्या मानसशास्त्रीय संशोधनातून दिसू लागले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातील टिम विल्डशुट, कॉन्स्टंटिन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लोकांनी लिहिलेल्या अशा आठवणी तपासल्या. त्यांत बहुतेक ठिकाणी मध्यभागी होती जवळची माणसे आणि त्यांच्याबरोबरचे प्रसंग. निव्वळ जागेचे वर्णन दुय्यम होते. या आठवणी बहुधा मन उदास असताना, विशेषतः एकटेपणात, वर येतात, हेही त्यांना आढळले. २००८ मध्ये याच संशोधकांनी चिनी सहकाऱ्यांबरोबर एक पाहणी केली. खेड्यांतून शहरात आलेल्या कामगारांची मुले हा तिचा विषय होता. एकटेपणामुळे आपल्याला कुणाचा आधार नाही अशी भावना वाढते, हे अपेक्षितच होते. पण त्याच एकटेपणामुळे जुन्या आठवणी जाग्या होतात आणि त्या आठवणी आधार असल्याची जाणीव काही प्रमाणात परत मिळवून देतात, असेही दिसले. याचा अर्थ ओढ ही स्वतः जखम नव्हे. ती जखमेवर मनाने सुरू केलेली दुरुस्ती आहे. मात्र हे चित्र एकतर्फी नाही. २०२० मध्ये डेव्हिड न्यूमन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेबाहेर, रोजच्या व्यवहारात येणाऱ्या आठवणींचा मागोवा घेतला, तेव्हा अशा आठवणींच्या दिवशी माणसे अधिक खिन्न असल्याचे आढळले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. कुणी विचारल्यावर आपण आयुष्यातली निवडक, अर्थपूर्ण आठवण काढतो. पण परक्या शहरात संध्याकाळी स्वयंपाक करताना आपोआप येणारी आठवण आधी उणीव दाखवते. आठवणीला पुढे माणसांची जोड मिळाली तर ती बळ देते, न मिळाल्यास नुसती टोचत राहते.

आता प्रश्न असा की शाळेचे महिने अधिक असूनही सुट्टीच का आठवते? स्मृतीच्या घडणीत याची कारणे आहेत. कॅथरीन नेल्सन यांनी लहान मुलांच्या स्मरणावर केलेल्या कामातून असे दिसले की पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट मुले सुटी-सुटी साठवत नाहीत; त्यांच्या मनात तिची एकच संहिता तयार होते. ‘आजीकडे गेलो की असे असे होते’ अशा स्वरूपात ती राहते. म्हणून मोठेपणी ‘मे महिन्याची सुट्टी’ आठवते, १९८३ सालची की १९८५ सालची हे सांगता येत नाही. अनेक वर्षांच्या सुट्ट्या एकीत विरघळून तिची ताकद वाढलेली असते. शाळाही रोज भरते; पण सुट्टीला सुरुवात आणि शेवट असतो, तिच्यासाठी प्रवास असतो, तिची वाट पाहिलेली असते, आणि ती संपताना निरोप घ्यावा लागतो. त्यात भर वासांची. डोळ्यांचे आणि कानांचे संदेश मेंदूच्या वरच्या थरांत जाण्याआधी थॅलॅमस या केंद्रातून जातात; वासाचा मार्ग मात्र ते केंद्र टाळून भावनेशी निगडित अमिग्डालाकडे आणि स्मरणाशी निगडित भागांकडे जवळून जातो. स्वीडनमधील योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी २००६ मध्ये वृद्धांवर प्रयोग केला. शब्द किंवा चित्रे दाखवल्यावर त्यांना प्रामुख्याने अकरा ते वीस या वयातले प्रसंग आठवले. वास दिल्यावर मात्र दहाव्या वर्षाच्या आतले. पेंढ्याच्या अढीत पिकणारा आंबा, चुलीचा धूर, पहिल्या पावसाने भिजलेले खळे यांचा परिचय ज्याला सातव्या-आठव्या वर्षी झाला, त्याला चाळिशीत परदेशातल्या दुकानात आंब्याची पेटी उघडताच काय होते, याचे शास्त्रीय कारण हे आहे.

पण वास आणि पुनरावृत्ती एवढ्याने कोकणातल्या सुट्टीची घट्ट वीण उलगडत नाही. मे महिना हा कोकणातल्या घरासाठी विश्रांतीचा काळ कधीच नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की पुढचे चार महिने बाहेरची कामे ठप्प. म्हणून त्याआधी सगळी बेगमी व्हावीच लागे. कौले चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, आमसुले वाळवायची, आंब्या-फणसाची साठे घालायची, पापड-कुरडया उन्हात टाकायच्या, आठळ्या राखून ठेवायच्या, बी-बियाण्याची तयारी करायची. घरात माणसे जास्त आणि काम त्याहून जास्त, अशा दिवसांत मुले येत. त्यांना कुणी वेगळे रमवत बसत नसे. वाळवणावरचे कावळे हाक, विहिरीवरून कळशी आण, काजूच्या बिया गोळा कर, असे काम वाटून दिले जाई. बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातील माया समाजाच्या अभ्यासातून दाखवले आहे की मुले मोठ्यांच्या खऱ्या कामात सहभागी होतात, तेव्हा ती केवळ कौशल्य शिकत नाहीत; आपण या गटाचे आहोत हे त्यांना कृतीतून कळते. कोकणातली सुट्टी ही अशी सहभागाची शाळा होती. परदेशी गेलेल्या माणसाला आंबा आठवतो, तेव्हा बरोबरीने आठवतो तो अढी लावणारा काका, चोरून आंबा काढणारी भावंडे आणि ते कळूनही न रागावणारी आजी. फळ विकत मिळते. त्या कामातली आपली जागा विकत मिळत नाही. अमेरिकेने १८ वर्षांच्या खंडानंतर २००७ मध्ये भारतीय आंब्याला बाजार खुला केला, तेव्हापासून विकिरण केलेला हापूस तिथल्या मराठी घरांत पोचू लागला. त्याने जिभेची सोय झाली. ओढ शमली असे मात्र कुणी म्हणणार नाही.

या ओढीशी कोकणाची ओळख परदेशगमनाच्या खूप आधीची आहे. मुंबईच्या कापड गिरण्या आणि गोदी यांनी रत्नागिरी जिल्ह्यातली तरुण माणसे पिढ्यान्‌पिढ्या खेचून नेली. घरी मनीऑर्डर यायची आणि माणूस वर्षातून एकदोनदा. इतक्या दीर्घ ताटातुटीत घरे मोडायला हवी होती, ती टिकली. कारण समाजाने परतीची एक पक्की व्यवस्था बसवली होती. गणपती घरचा असतो, म्हणून घरीच जावे लागते. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी बहुतेक घरांत गणपती एकच राहतो आणि खर्चाची, पूजेची पाळी वाटलेली असते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात येते, तेव्हा दार उघडे आणि घरात माणूस असावा लागतो. पालखी नाचवण्याचे, होळीचे झाड आणण्याचे मान घराण्यांत विभागलेले असतात. म्हणजे गावी जाणे ही मनात आले म्हणून करण्याची गोष्ट नव्हती. तिथे आपल्यावाचून एखादे काम अडलेले असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, नोकऱ्या बदलल्या, वाहने बदलली. तरी भाद्रपदात गाड्या भरभरून कोकणात उतरतातच. मुंबईचा चाकरमानी ओढीने व्याकूळ होत असे, पण त्याच्या ओढीला तिथी होती. परदेशस्थाच्या ओढीला नेमकी तीच नसते, आणि त्याच्या दुःखाचे मोठे कारण हे आहे.

इथे कुणी म्हणेल, ही सारी चर्चा पिढीजात घराची आहे. अंगण, विहीर, देवघर यांच्याशिवाय ही रीत उभीच राहत नाही, तेव्हा ओढ शेवटी मातीचीच. अलोऱ्याची वसाहत या आक्षेपाला उत्तर देते. तिच्या जन्मामागे कोयनेचे पाणी आहे. कृष्णेला कराडला मिळणारी कोयना सातारा जिल्ह्यात अडवली, तिचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम कड्याखाली आणले आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज तयार होऊ लागली. तिथून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवून १९७० च्या दशकात ३२० मेगावॉटचा तिसरा टप्पा उभा राहिला. १,००० मेगावॉटच्या चौथ्या टप्प्यासाठी मार्च १९९९ मध्ये शिवाजीसागर जलाशयाच्या तळातून बोगद्याचे तोंड उघडण्यात आले. वीज करून झालेले पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळते. अशा कामाला काही दशके पुरतील एवढी हजारो माणसे लागतात, आणि काम उरकले की लागत नाहीत. बांधकामाच्या वसाहतीचा शेवट तिच्या आराखड्यातच असतो. क्वार्टर सरकारचे, बदली झाली की चावी परत. तिथे वाढलेल्या मुलाच्या नावावर अलोऱ्यात एक गुंठाही जमीन नाही, कुलदैवत दुसऱ्या जिल्ह्यात, आडनाव ऐकून गावातला कुणी ‘अमक्याचा नातू’ म्हणणार नाही. ओढ मातीतून आणि मालकीतून येत असती, तर प्रकल्पांच्या वसाहतींत वाढलेल्या मुलांना ती जाणवायला नको होती. प्रत्यक्षात अशा वसाहतींचे जुने रहिवासी आणि एका शाळेतले विद्यार्थी मोठेपणी एकमेकांना शोधून काढतात, मेळावे भरवतात, शेजारच्या काकूंची चौकशी सख्ख्या काकूसारखी करतात. कारण वसाहतीनेही रीत दिली होती: एकाच वेळी वाजणारा भोंगा, एकाच शाळेला लागणारी सुट्टी, एकच मैदान, वर्गणी काढून बसवलेला एकच गणपती, आणि नात्यातले कुणी जवळ नसल्यामुळे शेजाऱ्यांनीच निभावलेले बाळंतपण आणि आजारपण. रक्ताचे नाते नव्हते तिथे रीतीने गोतावळा तयार केला. माती नसतानाही ओढ तयार होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

यावर एक गंभीर हरकत आहे आणि ती टाळता येणार नाही. कोयनेच्या याच पाण्याखाली सातारा जिल्ह्यातली गावे गेली, हजारो कुटुंबे उठली, आणि त्यांतल्या अनेकांना दुसऱ्या जिल्ह्यांत वसावे लागले. पुनर्वसनाच्या अपुऱ्या राहिलेल्या हक्कांसाठी त्यांच्या वारसांना साठ वर्षांनंतर, २०१८ मध्येही, कोयनानगरला आंदोलन करावे लागले. ‘ओढ मातीची नसते’ असे म्हणणे म्हणजे या माणसांच्या दुःखाला हलके लेखणे नाही का? नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जमीन ही उपजीविका आहे, हक्क आहे, न्यायाचा प्रश्न आहे. तिची भरपाई जमिनीनेच व्हायला हवी आणि ती आठवणींच्या मानसशास्त्राने होत नाही. पण जमीन मिळाल्यानंतरही विस्थापितांचे जे दुःख उरते ते कशाचे, हे पाहिले तर माझे म्हणणे अधिकच पक्के होते. एका वाडीतली घरे चार ठिकाणी विखुरली की जत्रेला कोण जमणार, सोयरीक कुठे जुळवायची, पेरणीला आणि मर्तिकाला शेजारी कोण येणार, हे सगळे विस्कटते. विस्थापितांना एकत्र, गावासह वसवावे ही मागणी म्हणूनच न्याय्य ठरते. हरवलेल्या मातीबरोबर त्यांचे एकत्र असणेही हरवू नये, हा तिचा गाभा आहे.

परदेशातला सर्वांत जुना पुरावा मॉरिशसचा आहे. १८३४ नंतर गिरमिटिया मजूर म्हणून तिथे गेलेल्या मराठी माणसांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातल्यांचा मोठा भरणा होता. त्यांना परतीची तिथी नव्हती, पत्रव्यवहार जेमतेम, आणि ज्या गावातून निघाले त्या गावाचे नावही पुढच्या पिढ्यांतून पुसट झाले. आज त्यांच्या वंशजांच्या घरात बहुधा क्रिओल बोलली जाते. भूगोल गेला, भाषा बरीचशी गेली. पण गणेश चतुर्थी राहिली, ती त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे, आणि गणपतीपुढे फेर धरून नाचली जाणारी ‘झाकरी’ राहिली. ती कोकणातल्या जाखडीचीच बहीण. जे केवळ मनात होते ते दोन-तीन पिढ्यांत विरले. जे ठरलेल्या दिवशी, अनेकांनी मिळून, हातापायांनी केले ते शंभराहून अधिक वर्षे टिकले. याच्या उलट बाजूचे उदाहरण कोकणी मुसलमानांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष केप टाउनला जाऊ लागले. १९०२ पासून तिथले प्रवेशाचे कायदे कडक होत गेले, आणि अनेकांचे आयुष्य तिकडे दुकान नि इकडे कुटुंब अशा येरझाऱ्यांत गेले. तेलाच्या पैशाने आखाती देशांत कामे निघाल्यावर खेड, चिपळूण, दापोली या तालुक्यांतल्या घरांनी पुन्हा हाच अनुभव घेतला. आखातात मजुरी किंवा कारकुनी करणाऱ्याला कुटुंब नेण्याची परवानगी पगारावर अवलंबून असते. त्यामुळे त्याची दोन वर्षांतून येणारी सुट्टी हाच त्याच्या मुलांचा बापाशी असलेला सहवास ठरतो. ओढ ही सुखवस्तू लोकांची चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या घरांकडे पाहावे. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे आणि रजा सर्वांत कमी, त्यालाच ती सर्वांत जास्त सोसावी लागते.

आणखी एक आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवले की आठवण म्हणजे जसेच्या तसे जपलेले चित्र नव्हे. प्रत्येक वेळी मन ते नव्याने जुळवते. १९९७ मध्ये टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी तर सुट्ट्यांवरच अभ्यास केला. युरोपचा प्रवास, थँक्सगिव्हिंगची सुट्टी आणि कॅलिफोर्नियातली सायकल सफर, या तिन्हींत लोकांना प्रत्यक्ष प्रवासात जेवढा आनंद वाटला त्याहून अधिक तो आधी अपेक्षित होता आणि नंतर आठवला. मधली निराशा काही दिवसांतच पुसट झाली. मग लहानपणीच्या सुट्टीतला उकाडा, डास, भांडणे, उलट्या करत केलेला एस.टी.चा प्रवास गळून गेला असेल आणि आपण अस्तित्वातच नसलेल्या स्वर्गासाठी झुरत असू, तर? तपशील गळतात हे खरेच आहे, आणि म्हणूनच त्या सुट्टीची हुबेहूब प्रत मिळवायला निघालेला माणूस निराश होतो. पण मन जे गाळते त्यापेक्षा जे राखते ते अधिक सांगणारे असते. वर सांगितलेल्या अभ्यासांत लोकांनी राखून ठेवले ते आपलेपणाचे प्रसंग. ते रंगवलेले असतील. पण त्यांतली गरज खरी आहे, आणि आजच्या आयुष्यात काय कमी आहे याचा पत्ता तीच देते.

रंगवलेल्या आठवणीत एक गोष्ट मात्र आपल्याला मुद्दाम परत आणावी लागेल. सुट्टीतला तो वीस-पंचवीस पानांचा स्वयंपाक कुणी केला? मुलांसाठी जी मौज होती ती सुनांसाठी पहाटेपासून रात्रीपर्यंतची राबणूक होती, आणि माहेरी जायला मिळेल की नाही हे त्यांच्या हातात नसे. वाडी-वाडीतला जातीचा भेदही मुलांच्या खेळापलीकडे उभा होताच. तेव्हा जुने ते सगळे परत यावे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण यातून रीतच टाकून द्यावी असे निघत नाही. तिचे ओझे कुणावर पडते ते बदलावे, असे निघते. कामात सगळ्यांचा हात लागला म्हणून ती सुट्टी मुलांच्या मनात राहिली. तो हात पुरुषांचाही लागावा, पंगतीत आधी-नंतर नसावे, पाहुण्यांत वगळलेले कुणी नसावे, अशी दुरुस्ती केली तर रीत अधिकच टिकाऊ होईल. ज्या परदेशस्थ कुटुंबांत मोदक वळायला सगळे घर बसते, तिथे ही दुरुस्ती सहज झालेलीही आहे.

व्हिडिओ कॉलने हा प्रश्न सोडवला, असेही म्हटले जाते. त्याचे महत्त्व मी कमी मानत नाही; पत्राची महिनाभर वाट पाहणाऱ्या पिढीला ते वरदानच वाटले असते. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळा संपवून पांगणाऱ्या तरुणांचा दीड वर्ष मागोवा घेतला, त्यात एक दिलासा देणारी गोष्ट दिसली: संपर्क विरळ झाला की मैत्रीतली जवळीक घटते, नात्यातली मात्र बरीच टिकून राहते. म्हणजे रोज फोन झाला नाही म्हणून आजी परकी होत नाही. पण हे झाले आधीच घडलेल्या नात्याचे. परदेशात जन्मलेल्या नातवाचे आजीशी नाते अजून घडायचे आहे, आणि ‘कशी आहेस, जेवलास का’ एवढ्यावर ते घडत नाही. फोनवर बोलता येते. बरोबर काम करता येत नाही, कंटाळता येत नाही, भांडून पुन्हा गट्टी करता येत नाही. शिवाय इथे पंचांगही आडवे येते. अमेरिका, इंग्लंड किंवा आखात, सगळीकडे शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्टच्या दरम्यान पडते. तेव्हा अलोऱ्यात धो-धो पाऊस असतो, आंबा संपलेला असतो, बेगमी उरकलेली असते; आणि गणपती येतात तेव्हा बहुतेक परदेशी शाळा सुरू झालेल्या असतात. आईबापांच्या मनातला मे महिना मुलांना दाखवणे बहुतेकांना शक्यच नाही. दोन-तीन आठवड्यांत नातेवाइकांच्या घरी चहा, लग्नाची खरेदी आणि एखादे पर्यटनस्थळ उरकून मुले परततात, आणि त्यांच्या मनात एकही संहिता तयार होत नाही. कारण काही पुन्हा पुन्हा घडलेलेच नसते, आणि त्यांच्यावाचून काही अडलेलेही नसते.

म्हणून ओढीला उत्तर द्यायचे तर आपल्या बालपणाची प्रत काढण्याचा हट्ट सोडून तिची घडण तेवढी उचलावी. त्या घडणीचे भाग आपण पाहिले: ठरलेली वेळ, ठरलेली माणसे, पुनरावृत्ती, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेले खरे काम. मे मिळत नसेल तर जुलै घ्यावा. पावसाळी कोकणातही लावणी आहे, नदी आहे, रानभाज्या आहेत. दर वेळी नवे ठिकाण पाहण्याऐवजी दर वेळी त्याच घरी, त्याच चुलत-आते भावंडांबरोबर, शक्य तितके सलग राहावे, आणि मुलांना पाहुणे न ठेवता कामात घ्यावे. गावी घर नसेल, तर अलोऱ्याच्या वसाहतीने दाखवून दिले आहे की शेजारही गोतावळा होऊ शकतो. १९३२ पासून चालू असलेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ, किंवा उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना १९८१ पासून एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ, ही या गरजेतूनच उभी राहिली. पण सभागृह भाड्याने घेऊन केलेल्या कार्यक्रमाचे प्रेक्षक होण्याने रीत बनत नाही. चार घरांनी दर वर्षी त्याच आठवड्यात एकत्र राहून स्वयंपाक करणे, त्यात मुलांवर जबाबदारी टाकणे, आजी-आजोबांना शक्य असेल तर त्याच दिवसांत बोलावणे, याने ती बनते. आखातातल्या कामगाराला हे परवडत नाही, हे खरे. म्हणून कुटुंबासह राहण्याच्या आणि रजेच्या हक्काचा प्रश्न आपल्या समाजाने आणि सरकारांनी स्वतःचा मानला पाहिजे. त्या माणसाच्या पैशावर कोकणातली कित्येक घरे उभी आहेत, आणि त्याच्या मुलांना बाप वर्षातून काही सलग दिवस मिळणे ही भावनेची सवलत नसून त्यांची गरज आहे. जो आज परक्या देशात लहानपणच्या सुट्ट्या आठवून व्याकूळ होतो, त्याला त्या सुट्ट्या कुणीतरी कष्टाने, वर्षानुवर्षे, न चुकता घडवून दिल्या होत्या. ते काम करणारी माणसे थकली आहेत किंवा गेली आहेत. आता ती पाळी आपली आहे, आणि ओढ आपल्याला त्या कामाचीच आठवण करून देत असते.